९१ म्हणजे कुठलं ९१?

आमच्या गॅरेजात, ऑइलच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, एक मोडका पिस्टन ठेवलेला आहे. रॅप्टर ७०० चा, म्हणजे यामाहाच्या वाळूत पळवायच्या चार चाकी मोटरसायकलचा (क्वाडचा), १०२ मिलिमीटर व्यासाचा. लांबून बघितलं तर याला कुठे काय झालंय, असंच वाटेल. हातात घेऊन एक्झॉस्टच्या बाजूची कड उजेडाकडे धरली की कळतं. वाळवीने लाकूड खावं तशी ती कड बारीक बारीक टोचली गेली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी पट्टी असते, तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा नाही. जाता जाता त्या तुकड्याने सिलिंडरमध्ये नखाला लागेल असा उभा ओरखडा काढला होता. रॅप्टरचा सिलिंडर प्लेटेड असतो, आतून कडक मुलामा दिलेला, त्यामुळे बोअर (आतला व्यास) वाढवून भागत नाही. नवा घालावा लागला.

क्वाड मॉडिफाय करायची म्हणून जो कोणी चौकशीला येतो, त्याच्या हातात मी आधी हा पिस्टन देतो. इथे शारजात इंडस्ट्रियल एरियात काम करून मला सतरा वर्षं झाली. त्यातली शेवटची बारा वर्षं फक्त क्वाड आणि बगी. इंजिनं बरीच पाहिली, पण हे एक इंजिन चुकीच्या पेट्रोलमुळे माझ्या हातून गेलं म्हणून त्याची गोष्ट नीट लिहून ठेवतोय.

क्वाड सांगलीच्या एका मुलाची. इथे नोकरीला, हिवाळ्यात दर शनिवारी वाळूत. जुन्या मॉडेलची रॅप्टर, ६८६ सीसी, कंपनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आला की आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ९.२ ला १. त्याने अमेरिकेहून ११ ला १ चा पिस्टन आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) मागवला. दोन्ही मी बसवलं, टायमिंग (ठिणगी केव्हा टाकायची) आणि फ्युएल (पेट्रोल किती सोडायचं) यांचा मॅप इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये लोड केला. चावी घेताना त्याने विचारलं, "काका, पेट्रोल कुठलं घालू?" मी पिस्टनसोबत आलेला कागद बघितला. त्यावर ९१ ऑक्टेन किंवा वरचं, असं छापलेलं होतं. इथल्या पंपावर तीन पेट्रोल मिळतात, ९१, ९५ आणि ९८. मी म्हटलं, "९१ चाललं पाहिजे, पण तू आपलं ९५ घाल." आता हे "पण" मी कशाला लावलं आणि "चाललं पाहिजे" कशाला म्हटलं, याचा मी पुढे खूप विचार केला. त्याने पहिला अर्धा ऐकला. कागदावर ९१, पंपावर ९१, काकाही म्हणतात चालेल. तिसऱ्या शनिवारी त्याचा फोन आला की क्वाड धूर टाकतेय आणि टेकडी चढत नाहीये.

चूक माझी होती. कागद अमेरिकेचा होता आणि पंप इथला.

ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत. दोन्हींसाठी एकच खास इंजिन वापरतात, एका सिलिंडरचं, चालू असतानाच ज्याचं कॉम्प्रेशन कमीजास्त करता येतं. पहिल्या रीतीत ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात. तिथून निघतो तो आरओएन. दुसऱ्या रीतीत ९०० फेऱ्या, आणि आत जाणारं मिश्रण चांगलं तापवून घेतात, १५० अंशांच्या आसपास. हा एमओएन. ही परीक्षा कडक असल्यामुळे त्याच पेट्रोलचा हा आकडा कमी येतो, साधारण आठ-दहाने. इथे आखातात, आपल्याकडे भारतात आणि युरोपात पंपावर लिहितात तो पहिला आकडा, आरओएन. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. पंपाच्या पिवळ्या चिकटपट्टीवर आर अधिक एम भागिले दोन असं छापलेलंच असतं. त्यामुळे अमेरिकेतलं साधं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५ ते ९६. त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या जवळ.

म्हणजे त्या कागदाला जे पेट्रोल हवं होतं, त्यापेक्षा चार-पाच आकडे खालचं पेट्रोल त्या पोराने घातलं होतं. तेही सुट्ट्या वाळूत, पूर्ण थ्रॉटलवर.

लोक ऑक्टेनला ताकद समजतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ९८ मध्ये ९५ पेक्षा जास्त जोर भरलेला नसतो. लिटरमागची ऊर्जा जवळजवळ तेवढीच. पेट्रोल दाबलं आणि तापवलं तर ठिणगीची वाट न बघता आपणहून किती लवकर पेटतं, एवढंच हा आकडा सांगतो. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत तिथून चहूकडे पसरत जाते. ती पोहोचेपर्यंत कडेच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. ऑक्टेन पुरेसा असेल तर ते दम धरतं. नसेल तर ज्योत पोहोचायच्या आत ते सगळं एकदम भडकतं, आणि हातोडा मारावा तसा दाब पिस्टनच्या कडेवर आपटतो. इंजिन ठोकतं म्हणतात ते हेच. हजारो वेळा ते आपटलं की कड टोचल्यासारखी होते आणि रिंगची पट्टी तुटते. फळीवरच्या पिस्टनकडे बघितलं की सगळं वाचता येतं.

आणि वाळूत हे कानाला कळत नाही. गाडीत चढावर टकटक ऐकू येते, माणूस पाय सैल करतो. इथे डोक्यावर हेल्मेट, मागे रेसिंगचा सायलेन्सर, समोर टेकडी. शिवाय आजकालच्या गाड्यांना नॉक सेन्सर असतो, टकटक झाली की तो स्वतःच टायमिंग मागे घेतो. या क्वाडला तो नाही. तिला जे टायमिंग दिलं तेच ती मारत राहते.

इंजिन उघडल्यावर मला दुसरी गोष्ट सापडली, आणि तिने मला जास्त त्रास दिला. नवा सिलिंडर आणि नवा पिस्टन बसवल्यावर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) लावून, मी पहिल्यांदा त्या इंजिनचं कॉम्प्रेशन स्वतः मोजलं. ते आधीच मोजायला हवं होतं. पेशावरचे आमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी इथे काम शिकलो, ते प्रत्येक इंजिन मोजायचे. कंपनीचा आकडा कंपनीच्या इंजिनचा, तुमच्यासमोर आहे ते इंजिन वेगळं, असं त्यांचं म्हणणं. ते गावी परत गेले आणि माझ्याकडून ती सवय सुटली होती.

मोजायची पद्धत साधी आहे, साधनं मेडिकलच्या दुकानात मिळतात. पिस्टन बसवताना वरच्या रिंगभोवती ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे तेल खाली गळत नाही. पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर, आणि क्रँक हलणार नाही असा अडकवायचा. इंजिन असं कलतं करायचं की प्लगचं भोक सगळ्यात उंच राहील. नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा खोटा येतो. मग पन्नास मिलीच्या सिरिंजने पातळ तेल सोडायचं. मी गिअर ऑइलमध्ये थोडं रॉकेल मिसळून घेतो. शेवटचे पाच मिली थेंब थेंब सोडायचे. प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेला तेल चमकलं की थांबायचं.

कंपनीच्या ९.२ ला त्या पोकळीत सुमारे ८४ मिली बसतं. ११ ला १ असेल तर ६८.६ बसायला हवं. माझ्या सिरिंजने ६६ ला तेल आट्यांना टेकलं. मी तेल उपसून पुन्हा भरलं. पुन्हा ६६. ६८६ मध्ये ६६ मिळवा आणि ६६ ने भागा, ११.४ येतात. अडीच मिली म्हणजे अर्धा चहाचा चमचा, तेवढ्याने इंजिन वेगळं झालं होतं. हेडवर पट्टी धरून, मापं घेऊन बघितलं तेव्हा कळलं की आधीच्या कुठल्यातरी मालकाने ते हेड घासून घेतलं होतं, तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास. ते कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

तर ११ ला १ म्हणून दिलेलं इंजिन ११.४ ला १ होतं आणि त्यात ९५ च्या जागी ९१ पडत होतं. नव्या सिलिंडरचे पैसे मी दिले. मुलगा नको म्हणत होता. पण पेट्रोल कुठलं घालू हे त्याने मला विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं.

आता प्रश्न उरला की या इंजिनला नक्की काय द्यायचं. कॉम्प्रेशनचा आकडा बघून थेट ऑक्टेन सांगणारे तक्ते खूप फिरतात. मी ते बघतो, पण तेवढ्यावर ठरवत नाही. त्या मुलाचा कॅम गरम होता, म्हणजे इनटेकचा व्हॉल्व्ह उशिरा बंद करणारा. खालच्या फेऱ्यांवर असा कॅम काही हवा परत बाहेर ढकलतो, त्यामुळे प्रत्यक्षात दाब कागदापेक्षा कमी बनतो. हे इंजिनच्या बाजूने. विरुद्ध बाजूला वाळू. सुट्ट्या वाळूत क्वाड कधी मोकळी सुटत नाही. रस्त्यावर गिअर टाकला की वेग वाढतो आणि इंजिनवरचा भार उतरतो, वाळूत चाकं धरून ठेवल्यासारखी होतात आणि इंजिन टेकडीच्या माथ्यापर्यंत पूर्ण ताणात राहतं. वेग कमी, म्हणून रेडिएटरला वारा कमी. आणि हवा. जानेवारीच्या सकाळी अठरा-वीस अंश असते, मे महिन्यात दुपारी चाळीसच्या आसपास. आत जाणारी हवाच तेवढी तापलेली असली की कोपऱ्यातलं मिश्रण लवकर दम सोडतं. उंचीवर उलटं होतं. पातळ हवा, कमी भरणा, कमी ऑक्टेनमध्ये भागतं. आमच्या टेकड्या मात्र समुद्रसपाटीपासून फार वर नाहीत, तेव्हा ती सवलत इथे नाही.

म्हणून खरं उत्तर प्लगकडे मागायचं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही ती क्वाड हत्ता रोडवरच्या बिग रेडला नेली. शंभर मीटरच्या आसपास उंचीची ती तांबडी टेकडी इथल्या सगळ्यांना माहीत आहे. बरोबर तीन नवे प्लग, ९५ आणि ९८ चे वेगळे कॅन, आणि घड्याळवाले वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग.

आधी ९८. नवा प्लग लावला, त्या मुलाने खालून पूर्ण थ्रॉटल धरला आणि माथ्यावर पोहोचताच, थ्रॉटल तसाच ठेवून, क्लच दाबून किल स्विच मारला. इंजिन आरामात उतरू दिलं तर प्लगवर त्या आरामाच्या खुणा येतात, आपल्याला ताणाच्या खुणा हव्या असतात. निवल्यावर प्लग काढला. पोर्सेलीन स्वच्छ, तळाशी फिकट तपकिरी कडं. भिंगातून काही दिसलं नाही. मग टाकी रिकामी करून ९५, दुसरा प्लग, तीच टेकडी. नुसत्या डोळ्यांना हाही प्लग चांगलाच दिसला. भिंग लावलं तेव्हा पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरीपूड शिंपडावी तसे काळे ठिपके होते आणि त्यात दोन जागी चांदीसारखे गोल कण चमकत होते. ते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. नवा पिस्टन, वीस मिनिटं चाललेला, आणि त्याची कड उडायला लागली होती. मी भिंग त्याच्या हातात दिलं. बराच वेळ तो प्लग फिरवून फिरवून बघत राहिला.

तिसरी चढाई ९५ वरच, पण लॅपटॉप लावून ताणाच्या पट्ट्यात टायमिंग तीन अंश मागे घेतलं. ठिपके गेले. तो म्हणाला की चढताना वरच्या टप्प्यात क्वाड मरगळली, आणि एक्झॉस्ट पाइप जास्त तापला होता. टायमिंग मागे घेतलं की उरलेलं जळणं पाइपात होतं. म्हणजे कॅम आणि पिस्टनवर घातलेले पैसे आपण पेट्रोलपायी परत देत होतो. त्या दिवशी ठरलं की ९८ घालायचं आणि टायमिंग दोन अंश मागे ठेवायचं, मे-जूनच्या उन्हासाठी हाताशी सवलत म्हणून. इथे पेट्रोलचे दर दर महिन्याला बदलतात, पण ९१ आणि ९८ मधला फरक लिटरमागे वीस फिल्सच्या (शंभर फिल्सचा एक दिरहम) आतच असतो. टाकी अकरा लिटरची. भरताना दोन दिरहम जास्त.

त्याच वेळी हेही सांगतो की कंपनीच्या सेटिंगमध्ये असलेल्या क्वाडमध्ये ९८ ओतणारे बरेच येतात, आणि त्यांना मी परत ९५ वर पाठवतो. दम धरायची वेळच येत नसेल तर दम धरणाऱ्या पेट्रोलचा उपयोग काय? ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दलही विचारतात. बाटलीवर "३० पॉइंट वाढवतो" असं असतं. त्या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे एक आकडा. ९५ चं १२५ होत नाही, जास्तीत जास्त ९८ होतं, आणि तेवढं पंपावर मिळतंच. काही बूस्टरमध्ये मँगनीज असतं, त्याने प्लगवर गंजासारखा तांबडा थर बसतो आणि मग भिंगातून काही वाचता येत नाही. त्यामुळे ज्या क्वाडचा प्लग मला बघायचा असतो तिच्यात बूस्टर टाकू देत नाही.

आता गावचं. माझा धाकटा भाऊ दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तीन छोट्या एटीव्ही, म्हणजे क्वाडच, चालवतो, ११० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या. त्यातल्या एकीचं हेड त्याने घासून घेतलं, पिकअप मिळावा म्हणून. मग ती पुळणीवरून वर रस्त्याला चढताना ठोकायला लागली. पुण्याच्या कुणीतरी सांगितलं की १०० ऑक्टेनचं घाल. डिसेंबर २०२० मध्ये ते इंडियन ऑइलने पहिल्यांदा दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, पुण्याहून एसटीने कॅन मागवू का?"

एसटीत पेट्रोल चढवायचं नाही, हे आधी. मग मी त्याला मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणायला सांगितली. व्हिडिओ कॉलवर मोजणी केली. साडेअकरा मिली. म्हणजे साधारण १०.६ ला १. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला जरा जास्त, पण १०० ऑक्टेन मागावं असं नाही. प्लग दाखव म्हटलं, तर पांढराफटक. मला तिथेच कळलं. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्याने ऑक्टेन वाढतो, सरकारही साध्या पेट्रोलचा आकडा आता ९५ सांगतं, तेव्हा ऑक्टेनची तक्रार कमीच. पण शुद्ध पेट्रोलला वजनाने चौदा-पंधरा पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट. म्हणजे त्याच हवेला हे पेट्रोल जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते थोडंफार सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) जेवढ्या भोकाचा तेवढंच देतो. त्याचं मिश्रण पातळ झालं होतं, इंजिन कोरडं जळत होतं आणि तापून ठोकत होतं. मेन जेट ८५ चा होता, ९० चा बसवला. ठोकणं थांबलं. पेट्रोल पूर्वीचंच, गावच्या पंपावरचं.

पावसाळ्यात किनारा बंद असतो, गाड्या जून ते ऑगस्ट शेडमध्ये उभ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. मग पाणी खाली बसतं आणि त्याबरोबर इथेनॉलही. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, जेटच्या तोंडाशी पाणी. म्हणून मेअखेरीला कार्ब्युरेटरचा वाडगा आणि टाकी कोरडी करून ठेवायची आणि ऑगस्टअखेरीला ताजं भरायचं, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलंय. पहिल्या वर्षी तो विसरला होता आणि तिन्ही जेट पिनेने साफ करत बसला होता. पिनेने जेटचं भोक मोठं होतं रे, असं मी फोनवर ओरडलो होतो.

सध्या लिफ्टवर दुसरी रॅप्टर आहे. १२ ला १ चा पिस्टन, त्याहून गरम कॅम. काल रात्री दोनदा मोजली, दोन्ही वेळा ६२ मिली, म्हणजे १२ ला कणभर जास्त. मालक रोज मेसेज करतोय की पंपावरचं ९८ पुरेल की रेसिंगचं पेट्रोल मागवू. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरलंय, चार नवे प्लग आणि भिंग बॅगेत टाकून ठेवलंय. त्या टेकडीवरून उतरल्यावर सांगेन.